तांबड्यावर तांबडं

नाना नेरुरकर समोरून येताना दिसले की मालवणच्या बाजारातल्या बायका पदर घट्ट धरत. नानांच्या चारित्र्याचा यात काही संबंध नव्हता. समोरची बाई कोण, कुणाची, म्हातारी की तरणी, हे त्यांना घरी गेल्यावर सांगता आलं नसतं. ते फक्त लुगडं बघत. लुगड्यावरचं फूल बघत, फुलाखालचा देठ शोधत, आणि तो सापडला नाही की भर रस्त्यात बाईला थांबवून विचारत, "हेचो देठ खंय आसा?"

देठ नसायचाच. गिरणीची छापील पातळं तेव्हा आमच्या बाजूला नुकती येऊ लागली होती आणि त्यांच्यावरची फुलं आभाळातून पडल्यासारखी कुठेही पडलेली असत. नाना हळहळत. "अधांतरी सोडल्यान गो फुलाक! वेल नाय, पान नाय. ता जगात कसा?" आता याला भर बाजारात बाईने काय उत्तर द्यावं? ती मान खाली घालून वाट धरी.

मासळीवाली पारू मात्र त्यांना पुरून उरली. नानांनी तिच्या पदरावर बोट रोखलं तेव्हा तिने टोपलीतली सुरमई शेपटीला धरून त्यांच्या नाकासमोर उचलली. "माझ्या फुलाक देठ नाय तर नसांदे. हेका शेपटी आसा मां? मगे घेवा आणि चलाक लागा."

नानांनी सुरमई घेतली. जाताना म्हणाले, "शेपटी जाग्यार आसा. फुलाचा तेवढा बघ."

मी नानांची शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये एक दगडी गडगा, त्याला पडलेलं एक खिंडार आणि पलीकडे त्यांची विहीर. शिवाय मी गावच्या महिला मंडळाची चिटणीस. म्हणजे शिवणवर्ग, पापड, हळदीकुंकू, सरकारी पत्रं आणि सगळ्यांची भांडणं माझ्याकडे. सकाळी चहा घेताना दिवसभराच्या कामांची यादी करायची मला सवय आहे. त्या वर्षांतल्या माझ्या याद्यांमध्ये 'नानांना टाळणे' हे काम जवळजवळ रोज असे. संध्याकाळी त्याच्यापुढे झाल्याची खूण केल्याचं काही आठवत नाही.

नानांची सगळी हयात मुंबईच्या एका कापड गिरणीत गेली. नक्षीखात्यात. चौकटीच्या कागदावर घर घर रंगवत फुलं काढायची, मग त्या कागदाबरहुकूम मागावर कापड विणलं जायचं. हे त्यांना शिकवलं एका म्हाताऱ्या इराण्याने. सगळे त्याला आगा म्हणत. आगाने नानांना पहिलं वर्षभर फूल काढूच दिलं नाही. नुसता वेल. वेल कुठून निघतो, कसा वळतो, वळताना कुठे पान सोडतो आणि कुठे जाऊन संपतो. वेल नीट आला तर फूल त्याच्यावर आपोआप येऊन बसतं, असं आगाचं म्हणणं. नानांनी ते असं काही मनावर घेतलं की पुढे जगातली प्रत्येक गोष्ट ते वेलीच्या हिशेबाने बघू लागले.

त्यांचं आवडतं फूल होतं लाला. तांबडं, पेल्यासारखं, इराणात डोंगरउतारावर उगवतं म्हणे. मी एकदा कंटाळून विचारलं, "नाना, तुम्ही पाहिलंय का हे फूल कधी?"

"नाय," नाना म्हणाले. "पण त्या फुलान तरी माका खंय बघल्यान?"

अशा माणसाशी कोण वाद घालणार? मी तरी सोडून दिलं होतं. दिवाळीत माझ्या रांगोळीपुढे उभे राहून ते काठीने दाखवत, "ह्यो वेल त्या वेलाच्या वरसून गेलो. बरा. फुडच्या खेपेक तेना खालसून जावक व्हया. सारखो वरसूनच जाता तो वेल न्हय, तो मामलेदार." मी 'हो' म्हणून तेवढा भाग पुसून पुन्हा काढी. पहाटे अभ्यंगस्नानाचं पाणी तापत असताना, घरात पाहुणे असताना, हे असं.

बागाईतदार भाऊंच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी कमाल केली. भाऊंच्या हापूसच्या बागा. सगळं वैभव आंब्यावर उभं. मुलीच्या शालूवर टपोऱ्या कोयऱ्या होत्या आणि भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या कौतुकाने दाखवत होते. नानांनी शालू निरखला आणि म्हणाले, "ही कोयरी न्हय. ह्या सरूचा झाड. आपल्या दर्याकडचो सुरू न्हय, इराणातलो सरू. वाऱ्यान शेंडो वाकलो, तेचा ह्या चित्र."

"आंबो न्हय?" भाऊंनी विचारलं.

"न्हय."

"माझ्या चेडवाच्या शालवार आंबो न्हय?"

"येक पण नाय."

भाऊंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "नाना, तू जेवलंस काय?"

"नाय अजून."

"मगे आदी जेव. आमरस वाढतत. तो तरी आंब्याचोच आसा मां?"

नाना दोन वाट्या आमरस जेवले, पण कोयरीबाबत माघार घेतली नाही. वरातीत चालतानासुद्धा ते बाजूच्या माणसाला सरूचा शेंडा हाताने वाकवून दाखवत होते.

नानांनी लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण आक्का. आक्काचं लग्न झालं तेव्हा ती परकरी मुलगी होती, आणि नवरा गेला तेव्हाही फारशी मोठी झाली नव्हती. ती माहेरी परत आली ती कायमचीच. डोईवरचे केस गेले, अंगावर तांबडं अलवण आलं. अलवण म्हणजे नुसतं तांबडं कापड. काठ नाही, पदर नाही, बुट्टी नाही. नवरा गेलेल्या बाईने फूल माळायचं नाही आणि नेसायचंही नाही, असा रिवाज. आमच्या वेळेला तो सुटत चालला होता. मी स्वतः आक्काला एकदा म्हटलंही, "आता कोण बघतंय? बारीक काठाचं पांढरं लुगडं नेसा." ती म्हणाली, "देवाक सांगितलेला आसा गो. आता ह्या वयात खंय बदलू?" आणि विहिरीवर निघून गेली.

आईवडील गेल्यावर आक्का एकटी पडली, तेव्हा नाना गिरणी सोडून गावी आले. लोक म्हणत, काढून टाकलं असेल, एका फुलाला महिना लावणाऱ्याला कोण ठेवेल? नाना त्यावर काही बोलत नसत. गंमत एवढीच की, गावातल्या यच्चयावत लुगड्यांची तपासणी करणारा हा माणूस स्वतःच्या घरातल्या एकुलत्या एका बाईच्या कपड्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसे. मी मनाशी समजून होते, तिथे तपासण्यासारखं काही नव्हतंच.

मग आमच्या मंडळाला सरकारी योजनेतून हातमाग मिळाला. त्याच्याबरोबर जकार्डही आलं. जकार्ड म्हणजे मागाच्या माथ्यावर बसवायचं एक धूड. त्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जिथे भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो आणि कापडात नक्षी उमटते. आम्हाला विणायचे होते पंचे. एका कचेरीची मागणी होती, आणि पावसाळ्याआधी पंचे दिले नाहीत तर माग उचलून दुसऱ्या गावाला देऊ, असं पत्रही सोबत आलं होतं. पंच्यांना कसली आलीय नक्षी? पण सरकारने जकार्ड दिलंय म्हणजे ते बसवलेलं दिसायला हवं. आणि ते बसवता येणारा माणूस मालवणात एकच होता.

त्याच दुपारी नाना कोट घालून माझ्या दारात उभे. कोट होता म्हणून भाषाही मुंबईची. "चिटणीसबाई, एक विनंती आहे. मी जकार्ड बसवून देतो. तुमच्या मंडळातल्या भागीला शिकवतो. फक्त पहिलं कापड माझ्या नक्षीचं विणू द्या. लुगड्याएवढं. एकच."

नानांनी कुणाकडे काही मागितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "पंचे राहतील, नाना," मी म्हटलं.

"पंचे होतील. हे आधी व्हायला पाहिजे."

"घाई कसली?"

नानांनी कोटाचं बटण लावलं, काढलं. "आहे," म्हणाले.

मी होकार दिला. दुसरा इलाज नव्हता. पुढचे कित्येक दिवस नाना ओसरीवर चौकटीचा कागद पसरून बसलेले दिसत. एक वळण काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. मग पुठ्ठे कापणं, भोकं पाडणं, माळ ओवणं. मी गडग्यापलीकडून विचारी, "झालं का?" आणि ते मान वर न करता म्हणत, "देठ गावलो. आता फूल येयत." इकडे माझे पंचे यादीत सगळ्यात वर लिहिलेले, आणि रोज उद्यावर जात होते.

अखेर माग सुरू झाला. विणणारी भागी हुशार, हात चलाख, तोंड त्याहून चलाख. पहिल्या दिवशी हातभर कापड झालं आणि ती धोटा ठेवून वाकून बघायला लागली. मंडळाकडे पडून असलेलं तांबडं सूत नानांनी उभ्याला लावलं होतं. आडव्यालाही तेच, त्याच रंगाचं.

"नाना," भागी म्हणाली, "फूल खंय?"

"ह्या काय."

"दिसणा नाय."

"दिसूक नकोच."

भागी तडक माझ्याकडे आली. "बाई, म्हाताऱ्याच्या डोक्यार परिणाम झालो. तांबड्यार तांबडा विणूक लावता. जल्मभर लोकांका देठ विचारल्यान, आणि आता तेचाच फूल कोणाक दिसणा नाय!"

मी जाऊन बघितलं. समोरून कापड अगदी साधं. एका बाजूला मान कलती करून खूप वेळ बघितलं तर कुठेतरी रेशमासारखी चमक आल्यासारखी वाटे, की तेही नाही, कोण जाणे. मी सरळ विचाराची बाई. मी म्हटलं, "नाना, आडवं सूत पिवळं घ्या. एवढी मेहनत केलीत ती निदान उठून दिसेल."

नाना इतके दचकले, जणू मी कापडाला काडी लावायला निघाले होते. "नको, नको. असाच व्हया."

"पण कुणासाठी?"

"नमुनो आसा," ते म्हणाले आणि माळेतला एक पुठ्ठा उगीच सरळ करू लागले.

कापड अर्ध्याच्या पुढे गेलं असताना रत्नागिरीहून तपासणीला साहेब आले. आगाऊ कळवायची पद्धत नव्हतीच. मी चहा ठेवायला सांगितला आणि देवाचं नाव घेतलं. साहेबांनी मागाभोवती एक फेरी मारली. "काय विणताय?"

"कापड," भागी म्हणाली.

"ते दिसतंय. पण हे तर साधं आहे. मग वर एवढी पुठ्ठ्यांची माळ कशाला चढवलीय? आणि पंचे कुठे आहेत?"

सगळ्यांनी नानांकडे बघितलं. मला वाटलं, आता साहेबांची बस चुकणार. आगा, इराण, वेल, लाला, सगळं ऐकल्याशिवाय त्यांची सुटका नाही. मी खुर्ची पुढे सरकवली.

नाना म्हणाले, "साहेब, माझी चूक झाली. नक्षी उठली नाही. बिघडलं."

भागीने तोंड उघडलं. नानांनी तिच्याकडे बघितलं आणि तिने ते मिटलं.

"मग कापून टाका ना," साहेब म्हणाले. "आजच्या आज पंचे चढवा. नाहीतर मला माग हलवायचा शेरा मारावा लागेल."

नाना पुढे होऊन विणलेल्या कापडावर तळहात टेकून उभे राहिले, तापलेल्या मुलाच्या अंगावर ठेवतात तसा. भागी एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा कात्रीकडे.

मी म्हटलं, "साहेब, ताणा पूर्ण कापडाचा भरलाय. मध्येच कापला तर उरलेलं सूत वाया गेलं असं कागदावर दाखवावं लागेल, आणि तुमच्या सांगण्यावरून कापला असंही लिहावं लागेल. संपवू द्या. पंचे मी वेळेत देते."

वाया गेलेल्या सुताखाली नाव कोणालाच नको असतं. साहेबांनी चहा घेतला आणि ते गेले. हे मी नानांसाठी बोलले असं कोणी समजू नये. सूत वाया गेलेलं मला सोसत नाही. पण दिवसभर एक गोष्ट मला खटकत राहिली. भाऊंच्या मांडवात आंब्यापुढे ज्याने हार मानली नाही, तो माणूस स्वतःच्या हातचं काम बिघडलं असं परक्या माणसाला तोंडाने सांगत होता, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

कापड उतरलं. त्याच दिवशी मी पंच्यांचा ताणा भरायला घेतला. माझी पाठ मोडून आली होती. नाना कापडाची घडी घेऊन आले, कोट नव्हता.

"सुमती, येक काम करशीत? ह्या आक्काक नेवन दी. मी दिलंय म्हणू नको. मंडळात साधा कापड उरला, म्हणान सांग."

"नाना, घरात दोघं असता. तुम्हीच द्या की."

"मी दिलंय तर ती निरखून बघतली."

मला चिडायचीही ताकद नव्हती. एवढं धूड बसवलं, पुठ्ठे ओवले, साहेबांची बोलणी खाल्ली, आणि निघालं काय, तर एक अलवण. ते तर बाजारात मिळालं असतं. मी घडी घेतली आणि खिंडारातून त्यांच्या मागीलदारी गेले.

उन्हं कलली होती. आक्काने आपलं धुतलेलं अलवण दोरीवर घातलं होतं. विरून जाळी झालेलं, दोन ठिकाणी शिवलेलं. ऊन त्याच्यावर तिरकं पडलं होतं. सुकताना पाण्याचे डाग राहिलेत असं मला आधी वाटलं. मग एका डागाला पान दिसलं. पानाशेजारी वळण दिसलं. मी मान कलती केली, आणि त्या तांबड्या फडक्यावर वरपासून खालपर्यंत एक वेल होता. एकदा दुसऱ्या वेलाच्या वरून जाणारा, पुढच्या वेळी खालून. त्याच्यावर, पाकळ्या वर मिटत आणलेली, मी कधी न पाहिलेली फुलं. एकूण एक फूल देठावर.

"कोण गो? सुमती?" आक्का विहिरीच्या काठावर बसली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला होता. माणूस ती पावलांवरून ओळखी.

मी घडी घेऊन तिच्याजवळ गेले. "आक्का, मंडळात एक कापड उरलं होतं. तुम्हाला आणलंय. साधंच आहे."

"साधाच व्हया," ती म्हणाली आणि हात पुढे केले.

तिने घडी मांडीवर उलगडली. अंगठा कापडावर हळूहळू फिरू लागला. वाती वळणारा, धारदार विळीवर भाजी चिरणारा जुना हात. तो एका जागी थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला आणि कडेपर्यंत जाऊन टेकला.

"ह्या खेपेक देठ डावीकडसून काढल्यान," आक्का म्हणाली.

मी तिच्या शेजारी खाली बसले.

"पयलो उजवीकडसून होतो," ती सांगू लागली. "मुंबयसून इलो तेव्हा ता दोरीवरचा आणल्यान. 'आक्का, साधा आसा, पण टिकात,' म्हणालो. पयल्यांदा धुतलंय तेव्हाच हाताक लागला."

"मग त्यांना कधी काही म्हणाला नाहीत?"

"म्हटलंय तर नेसूचा सोडूक व्हया मां गो?" तिने कापडाची घडी पुन्हा घातली, कड कडेला लावून. "माका म्हायत नाय, तवसर ता साधाच." मग थोडं हसली. "तेका वाटता, म्हातारेक काय कळणा नाय. वाटांदे. तू तेका सांगा नको हां."

मी बरं म्हटलं. दोघंही आता नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे.

परत येताना नाना खिंडाराशीच उभे होते. गडग्यावरचं गवत उपटण्याचं काम त्यांनी काढलं होतं.

"काय म्हणाली?"

"साधंच हवं होतं म्हणाल्या."

"घेतल्यान?"

"घेतलं. घडी करून ठेवलं."

"आणि फुलांचा काय..." नाना बोलून गेले आणि जीभ चावून थांबले. हातातलं गवत हातातच राहिलं.

"कसली फुलं, नाना?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. कापडाकडे बघायचे तसं, बराच वेळ. "काय नाय गो," ते म्हणाले, आणि इतके खूश झाले की माझ्या पदरावरच्या अधांतरी गुलाबांना त्या दिवशी त्यांनी देठ विचारला नाही.